पडद्यावर बदललं, डिस्कवर नाही

लिनक्स डेस्कटॉपवरच्या असंख्य प्रोग्रामांच्या पायाशी जीलिब नावाची लायब्ररी असते. तिच्यात एक इशारा लिहून ठेवलेला आहे. मराठीत त्याचा आशय असा: ‘मेमरी’ हा बॅकएंड वापरला जात आहे; तुमच्या सेटिंग्ज सेव्ह होणार नाहीत आणि इतर प्रोग्रामांना दिसणारही नाहीत. संगणकाने इतक्या स्वच्छ शब्दांत स्वतःची अडचण सांगावी, असं क्वचितच घडतं. पण हा इशारा टर्मिनलमध्ये छापला जातो. ज्याने मेनूतून सेटिंग्ज उघडल्या, गडद थीम निवडली, अक्षरं मोठी केली, त्याच्यासमोर टर्मिनल नसतंच. त्याला पडद्यावर सगळं झालेलं दिसतं. लॉगआउट करून पुन्हा आत यावं, तर थीम जुनी, अक्षरंही जुन्याच आकाराची.

अशा वेळी बहुतेक जण तीच सेटिंग पुन्हा करतात, मग पुन्हा करतात, आणि शेवटी वैतागून अख्खी सिस्टीम नव्याने टाकतात. हा शेवटचा उपाय मला फार खटकतो. त्यात दिवस जातो, डेटा हलवताना काहीतरी सुटतं, आणि मूळ कारण कळलेलं नसल्यामुळे महिन्याभरात तोच त्रास परत येऊ शकतो. हरवलेल्या प्रत्येक सेटिंगमागे एक ठराविक कारण असतं. सेटिंग राहते कुठे, ती तिथे नेऊन कोण ठेवतं आणि पुढच्या लॉगिनला ती कोण वाचतं, एवढं माहीत असेल तर ते कारण बहुतेक वेळा थोड्या वेळात हाताला लागतं.

राहण्याच्या जागेपासून सुरुवात करू. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या सेटिंग्ज त्याच्या होम फोल्डरमध्ये असतात, पण नेहमीच्या नजरेला दिसत नाहीत, कारण त्या ठेवणाऱ्या फायलींची आणि फोल्डरांची नावं टिंबाने सुरू होतात. ही पद्धत कुणी विचारपूर्वक ठरवलेली नव्हती. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये ‘हेच फोल्डर’ आणि ‘याच्या वरचं फोल्डर’ दाखवणाऱ्या दोन नोंदी आल्या, एका टिंबाची आणि दोन टिंबांची. यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेत त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपी तपासणी घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून द्या. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकिगत लिहिली आणि ही घाईतली चूक होती, असं मत मांडलं. त्या चुकीमुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल आपोआप लपू लागली, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या सेटिंग्ज तिथे ठेवायला सुरुवात केली. होम फोल्डरमध्ये अशा फायलींचा पसारा झाला.

तो आवरण्याचं काम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने केलं. २००० साली हॅवक पेनिंग्टन यांनी तो सुरू केला, आणि २००३ च्या सुमारास तिथे एक संकेत ठरला: सेटिंग्ज .कॉन्फिग या फोल्डरमध्ये, प्रोग्रामचा स्वतःचा डेटा .लोकल फोल्डरातल्या शेअरमध्ये, आणि जे उडालं तरी चालेल ते .कॅशमध्ये. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणं एकदम दाबली की हे सगळं समोर येतं. ज्याला सेटिंग्जचा माग काढायचा आहे त्याने आधी इथे एक चक्कर मारून यावी. काही बदलू नये, नुसतं पाहावं.

आता एक सेटिंग जवळून पाहू. गनोम डेस्कटॉपवर तुम्ही वॉलपेपर बदलता. सेटिंग्जचा प्रोग्राम जीलिबमधल्या जीसेटिंग्ज या भागाला सांगतो की अमुक नावाच्या किल्लीची किंमत आता ही. जीसेटिंग्जकडे प्रत्येक किल्लीची एक मूळ किंमत आधीच नोंदलेली असते. तुम्ही केलेला बदल ठेवायचं काम तो स्वतः करत नाही, ते बॅकएंडवर सोपवतो. गनोमवर हा बॅकएंड म्हणजे डीकॉन्फ. रायन लॉर्टी यांनी तो लिहिला आणि २०११ मध्ये आलेल्या गनोम ३ सोबत तो रूढ झाला. त्याआधी जीकॉन्फ होतं. त्यात सेटिंग्ज एक्सएमएलच्या असंख्य छोट्या फायलींमध्ये विखुरलेल्या असत आणि लॉगिन करताना त्या वाचण्यातच वेळ जाई. डीकॉन्फने सगळं एकाच बायनरी फाइलमध्ये आणलं. होम फोल्डर, त्यात .कॉन्फिग, त्यात डीकॉन्फ, आणि त्यात यूजर नावाची फाइल. मूळ किमतीपेक्षा वेगळं जे तुम्ही ठरवलं तेवढंच तिच्यात असतं, म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या खात्यातही ती लहानच राहते.

ही फाइल वाचायला सगळे प्रोग्राम मोकळे असतात. ते ती थेट स्वतःच्या मेमरीला जोडून घेतात, कुणाला विचारावं लागत नाही, आणि म्हणून वाचणं फार वेगाने होतं. लिहिण्याचा अधिकार मात्र डीकॉन्फ-सर्व्हिस या एकाच प्रोग्रामला. गावच्या दप्तराचा उतारा कुणीही मागावा, पण फेरफार नोंदवायचा तो तलाठ्यानेच, तसा हा प्रकार. वॉलपेपरचा बदल डीबस या निरोपवाहिनीवरून त्या सर्व्हिसकडे जातो. सर्व्हिस जुन्या फाइलला हात लावत नाही. ती शेजारी नवी फाइल तयार करते, तिच्यात जुन्या नोंदी आणि नवा बदल एकत्र लिहिते, आणि मग नव्या फाइलला जुनीचं नाव देते. नाव बदलण्याची क्रिया अखंड असते: वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. त्याच वेळी रन फोल्डरातल्या, म्हणजे रॅममध्ये राहणाऱ्या, एका बाइटच्या खुणेतून बाकी प्रोग्रामांना कळतं की हातातली प्रत शिळी झाली, नवी उघडा.

यातली एक बारीक गोष्ट पुढे फार कामाची आहे. बदल सर्व्हिसकडे पोहोचून डिस्कवर लिहिला जाण्याची वाट प्रोग्राम पाहत नाही. निरोप पाठवला की नवी किंमत लगेच खरी धरून तो पुढे जातो. सेटिंग्जच्या खिडकीत बदल क्षणात दिसतो तो यामुळेच. गनोम २ च्या काळापासून ‘लागू करा’ हे बटण काढून टाकून बदल तत्काळ दाखवण्याची पद्धत पडली आणि ती वापरायला सुखाची आहे. पण तिने एक समज पक्का केला, की पडद्यावर दिसलं म्हणजे साठवलं गेलं. ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या प्रोग्रामांची आहेत, आणि पहिलं यशस्वी होऊन दुसरं फसू शकतं.

ते फसतं कसं? सुरुवातीचा ‘मेमरी’ बॅकएंडचा इशारा घ्या. जीलिबला डीकॉन्फचा जोडभाग सापडला नाही, तर ती थांबत नाही. ती सेटिंग्ज रॅममध्ये ठेवून काम चालू ठेवते. नुकत्याच बसवलेल्या आटोपशीर सिस्टीमवर डीकॉन्फचं पॅकेज राहून गेलं असेल तर असं होतं. दुसरं कारण आजकाल विद्यार्थ्यांच्या मशीनवर हमखास दिसतं. पायथन आणि डेटा सायन्ससाठी अ‍ॅनाकोंडा बसवलेलं असतं. त्याच्याबरोबर त्याची स्वतःची जीलिब येते आणि जीसेटिंग्ज नावाची आज्ञाही येते. टर्मिनलमध्ये ती आज्ञा दिली की सिस्टीमची नव्हे, अ‍ॅनाकोंडाची चालते. तिला डीकॉन्फ माहीत नाही. ती आज्ञा स्वीकारते, स्वतःच्या मेमरीत लिहिते, आणि संपते. सेटिंग तिच्याबरोबरच जाते. आज्ञा पूर्ण वाटेसह, म्हणजे यूएसआर फोल्डरातल्या बिनमधली म्हणून दिली, की तेच काम बिनबोभाट होतं.

ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून रोज वॉलपेपर बदलणारी स्क्रिप्ट चालत नाही ही तक्रारही याच घरातली. क्रॉनने सुरू केलेल्या प्रोग्रामला तुमच्या लॉगिनची डीबस वाहिनी कुठे आहे हे ठाऊक नसतं, मग निरोप सर्व्हिसपर्यंत पोहोचणार कसा? स्क्रिप्टला त्या वाहिनीचा पत्ता आधी द्यावा लागतो.

पण सगळ्यांत जास्त लोकांना छळणारं कारण यापेक्षा साधं आहे, आणि ते बहुधा आपल्याच हातून घडलेलं असतं. सिस्टीमची एखादी फाइल बदलायची होती, परवानगी नाही असं उत्तर आलं, म्हणून सुडो लावून टेक्स्ट एडिटर उघडला. काम झालं, एडिटर बंद केला. या दोन मिनिटांत तो एडिटर रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या प्रशासकाच्या, अधिकाराने चालत होता, पण उबुंटूच्या १९.१० पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडो होम फोल्डर मात्र तुमचंच ठेवत असे. एडिटरने आपली खिडकी केवढी होती, शेवटची फाइल कोणती उघडली, हे तुमच्या होममध्ये लिहून ठेवलं, आणि लिहिलेल्या फायली रूटच्या मालकीच्या झाल्या. पुढच्या वेळी तुम्ही साध्या अधिकाराने काही बदललं की लिहिण्याची परवानगी नाकारली जाते. खिडकीत बदल दिसू शकतो, फाइल हलत नाही. कधी डीकॉन्फचं रन फोल्डरातलं ठाणंच रूटच्या नावावर होतं. तेव्हा ‘परवानगी नाही, डीकॉन्फ नीट चालणार नाही’ असा निरोप येतो. तोही टर्मिनलमध्येच.

ही तपासणी कुणालाही करता येते. टर्मिनल उघडून .कॉन्फिग फोल्डरची सविस्तर यादी मागवा: एलएस, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि एल, ए ही अक्षरं, मग फोल्डरचं नाव. तिसऱ्या रकान्यात मालकाचं नाव असतं. तिथे सगळीकडे तुमचंच नाव हवं. मध्येच रूट दिसला, तर चोर सापडला. नुसती यूजर ही फाइल पाहून थांबू नका, ती ज्या डीकॉन्फ फोल्डरात आहे त्याचाही मालक पाहा. सर्व्हिस नवी फाइल करून नाव बदलते, आणि त्यासाठी फाइलवर नव्हे, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते. फाइल तुमची आणि फोल्डर रूटचं, अशी स्थिती असेल तरीही काही सेव्ह होणार नाही. उपाय म्हणजे मालकी बदलणारी चोन ही आज्ञा सुडोसह आपल्या .कॉन्फिगवर चालवणं. ती फक्त स्वतःच्या होममध्येच वापरावी. तीच आज्ञा चुकून अख्ख्या सिस्टीमवर सुटली तर नव्याने इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

डिस्क भरली की काय होतं हेही इथेच सांगायला हवं. एक्स्ट-४ ही फाइल सिस्टीम सहसा पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे सिस्टीम सुरू होते, सेवा चालतात, फक्त तुमच्या खात्याला एक अक्षर लिहिता येत नाही. याहून गंभीर म्हणजे, डिस्कवर दोष आढळला तर अनेक सिस्टीम ती केवळ वाचण्यापुरती जोडतात, पुढचं नुकसान टळावं म्हणून. सेटिंग्ज सेव्ह होत नाहीत हे अशा वेळी मरू घातलेल्या डिस्कचं पहिलं लक्षण असू शकतं. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्या, सेटिंग्जचं नंतर पाहू.

आता २००९ सालच्या एका प्रसंगाकडे वळायला हवं, कारण सेटिंगची फाइल डिस्कवर ‘लिहिली’ म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्या लिनक्स जगासमोर आला. एक्स्ट-४ तेव्हा नवीन होती. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.२८ या कर्नेलमध्ये ती वापरायला योग्य ठरवली गेली होती. उबुंटू ९.०४ ची चाचणी करणाऱ्या काही जणांना विचित्र अनुभव आला. मशीन अचानक अडकलं, बटण दाबून पुन्हा सुरू केलं, आणि डेस्कटॉप कोरा. केडीई आणि गनोमच्या ज्या सेटिंग फायली नुकत्याच लिहिल्या होत्या त्यांची नावं जागेवर, पण आकार शून्य बाइट.

कारण असं. एक्स्ट-४ वेग वाढवण्यासाठी डेटाला डिस्कवर जागा देण्याचं काम लांबणीवर टाकते. जुनी एक्स्ट-३ साधारण पाच सेकंदांत सगळं डिस्कवर उतरवत असे; नव्यात तीस सेकंद आणि त्याहूनही जास्त वेळ डेटा रॅममध्येच राहू लागला. प्रोग्राम मात्र जुन्या सवयीने लिहीत होते: फाइल आधी रिकामी करायची, मग नवा मजकूर भरायचा. किंवा नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव द्यायचं. रिकामी केल्याची किंवा नाव बदलल्याची नोंद डिस्कवर आधी पोहोचली, मजकूर मागे राहिला, आणि त्या मधल्या वेळेत वीज गेली की हातात उरे कोरी फाइल.

एक्स्ट-४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांची भूमिका होती की प्रमाणित नियमांत याहून वेगळं वचन कधी दिलेलंच नव्हतं. मजकूर खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री हवी असेल तर प्रोग्रामने एफसिंक ही हाक द्यायला हवी, मग नाव बदलावं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही बाजू होती. एक्स्ट-३ वर एफसिंक फार महाग पडे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ वारंवार ती हाक देई आणि काही मशीनवर अख्खा डेस्कटॉप अडखळे. इतक्या छोट्या सेटिंग फायलींसाठी कोण दर वेळी ती किंमत मोजणार? शेवटी त्सो यांनीच वाट काढली. त्यांनी एक्स्ट-४ मध्ये असे बदल केले की फाइल रिकामी करून लिहिण्याचा किंवा नाव बदलण्याचा नमुना दिसला की मजकूर आधी उतरवला जावा. २००९ च्या जूनमध्ये आलेल्या २.६.३० कर्नेलमध्ये ते आले, उबुंटूने ते आधीच आपल्या कर्नेलमध्ये घेतले. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. नियमाचं पुस्तक आपल्या बाजूने असतानाही वापरणाऱ्याची फाइल वाचवण्याला त्यांनी पहिलं स्थान दिलं. तरीही एक गोष्ट आजही खरी आहे: सेटिंग बदलून लगेच पॉवर बटण दाबून धरू नये. नेहमीच्या मार्गाने लॉगआउट केलं की हाती असलेलं लिहून पूर्ण करायला प्रोग्रामांना वेळ मिळतो.

काही वेळा सेटिंग नीट लिहिली जाते, पण नंतर कुणीतरी तिच्यावर दुसरं काही लिहितं. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये हे स्पष्ट दिसतं. तिथे सेटिंग्ज एक्सएमएल फायलींमध्ये असतात आणि एक्सएफकॉन्फडी हा प्रोग्राम त्या सांभाळतो. तुम्ही एडिटरमध्ये ती फाइल उघडून हाताने बदल केला, पण सांभाळणारा चालूच होता, तर त्याच्या मेमरीत जुनीच प्रत आहे. पुढच्या खेपेला तो ती लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो. केडीईच्या प्लाझ्मामध्ये पॅनेलची मांडणी ठेवणाऱ्या फाइलचंही तसंच. फाइल हाताने बदलायची असेल तर त्या डेस्कटॉपमधून बाहेर पडून, दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करून बदलावी.

एक्सएफसीईचाच आणखी एक प्रकार. लॉगआउट करताना ‘हे सेशन पुढच्या वेळेसाठी जतन करा’ अशी एक खूण असते. एखाद्या दिवशी पॅनेल बंद पडलेलं असताना ती खूण राहून गेली, की पॅनेल नसलेला डेस्कटॉप जतन होतो, आणि पुढे ती खूण काढून टाकल्यावरही दर लॉगिनला तोच जुना, बिनपॅनेलचा डेस्कटॉप उभा राहतो. माणसाला वाटतं सेटिंग सेव्ह होत नाही. प्रत्यक्षात नको असलेली परिस्थिती फार निष्ठेने सेव्ह झालेली असते. .कॅश फोल्डरातलं सेशन्स नावाचं फोल्डर रिकामं केलं की ती मिटते.

काही बदल मुळातच लॉगआउटपर्यंत टिकण्यासाठी केलेले असतात. पडद्याचं रिझोल्यूशन बदलणारी एक्सरँडर ही आज्ञा आणि कीबोर्डची मांडणी बदलणारी सेटएक्सकेबीमॅप या दोन्ही थेट चालू असलेल्या एक्स सर्व्हरशी बोलतात. कुठली फाइल लिहिणं हे त्यांचं कामच नाही. सर्व्हर बंद झाला की तो बदलही गेला. मराठी टंकणाऱ्यांना याचा अनुभव विशेष येतो. टर्मिनलमधून इन्स्क्रिप्ट मांडणी लावली, दिवसभर मजकूर लिहिला, दुसऱ्या दिवशी कीबोर्ड पुन्हा इंग्रजी. गनोममध्ये तर बाहेरचा कीबोर्ड काढून पुन्हा जोडला तरी मांडणी पालटते, कारण गनोम कीबोर्डसाठी स्वतःच्या यादीलाच प्रमाण मानतो आणि ती पुन्हा लागू करतो. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर ती आज्ञा डेस्कटॉपपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मराठी कीबोर्ड सेटिंग्जमधल्या ‘इनपुट सोर्स’ या यादीतूनच जोडावा. ती यादी डीकॉन्फमध्ये जाते आणि टिकते. गनोमशिवाय एखादा हलका डेस्कटॉप एक्सवर वापरत असाल, तर ती आज्ञा .कॉन्फिग फोल्डरातल्या ऑटोस्टार्टमध्ये घालून दर लॉगिनला आपोआप द्यावी.

तिसरी शक्यता अशी, की सेटिंग लिहिलेली आहे, कुणी पुसलेलीही नाही, फक्त जो वाचतोय तो दुसरीकडे पाहतोय. लॉगिनचा पडदा हे याचं नेहमीचं उदाहरण. दोन मॉनिटरांची मांडणी तुम्ही नीट केली, तरी पासवर्ड विचारणारा पडदा उलटाच येतो. गनोममध्ये तो पडदा जीडीएम या वेगळ्या वापरकर्त्याच्या खात्यात चालतो, त्याचं होम वेगळं, तुमच्या होममधली मॉनिटर्स ही फाइल तो वाचत नाही. तिची प्रत त्याच्या फोल्डरात ठेवली की काम होतं. फ्लॅटपॅकमधून घेतलेले प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज होममधल्या .व्हार या फोल्डरात ठेवतात, त्यामुळे तोच प्रोग्राम आधी डेबियनच्या पॅकेजमधून वापरत असाल, तर जुन्या सेटिंग्ज दिसणार नाहीत. आणि २०२२ मध्ये आलेल्या गनोम ४२ पासून गडद रूपासाठी वॉलपेपरची किल्लीच निराळी झाली. जुनी स्क्रिप्ट उजेडाच्या रूपाचा वॉलपेपर इमानेइतबारे बदलत राहते, आणि गडद रूप वापरणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

विसरणं हाच हेतू असलेल्या सिस्टीमही आहेत. पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह सिस्टीम सगळे बदल रॅममध्ये ठेवते. ते टिकावेत असं वाटत असेल तर डेबियनमध्ये ‘पर्सिस्टन्स’ नावाचं वेगळं पार्टिशन करून त्यात तशी सूचना देणारी फाइल ठेवावी लागते. टेल्स ही सिस्टीम तर मशीन बंद केल्यावर मागे काहीही राहू नये, यासाठीच बांधलेली आहे. पत्रकारांना आणि पाळतीखाली असलेल्यांना तिचा आधार वाटतो तो त्यामुळेच. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अ‍ॅडमिनने डीकॉन्फच्या काही किल्ल्यांना कुलूप घातलेलं असू शकतं. तिथेच होम फोल्डर एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून येत असेल तर डीकॉन्फची मेमरीला जोडून वाचण्याची पद्धत त्रास देऊ शकते. रेड हॅटच्या मार्गदर्शिकेत अशा ठिकाणी बायनरी फाइलऐवजी साध्या मजकुराची कीफाइल वापरण्याचा सल्ला दिलेला आहे.

एवढ्या कारणांतून आपलं कारण शोधायचं तर सुरुवात फाइलच्या वेळेपासून करावी. एक सेटिंग बदला आणि लगेच तिच्या फाइलची शेवटच्या बदलाची वेळ पाहा. वेळ तीच जुनी असेल तर सेटिंग लिहिलीच जात नाही: मालकी, डिस्क, बॅकएंड, वाहिनी हे पाहा. वेळ नवी असेल आणि लॉगिननंतर बदल गायब असेल, तर कुणी पुसतंय का किंवा वाचणारा दुसरीकडे पाहतोय का, ते शोधा. गनोम, सिनॅमन किंवा माटे वापरत असाल तर टर्मिनलमध्ये ‘डीकॉन्फ वॉच’ ही आज्ञा मुळाच्या तिरक्या रेघेसह देऊन ठेवा. सेटिंग्जमध्ये काहीही हलवलं की कोणती किल्ली बदलली ते तिथे ओळीने उमटतं. आणि एक नवीन खातं तयार करून त्यात तीच सेटिंग करून पाहा. तिथे टिकली तर दोष तुमच्या होममध्ये आहे, सिस्टीम ठणठणीत आहे, पुन्हा इन्स्टॉल करण्याचं काही कारण नाही.

डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. अ‍ॅडमिनने कुलूप घातलेली किल्ली असेल तर जीसेटिंग्जला ते आधीच कळतं, आणि सेटिंग्जच्या खिडकीत तो पर्याय फिका पडतो. माणसाला समजतं की इथे आपलं चालणार नाही. लिहिणं फसल्याची माहितीही याच लायब्ररीपर्यंत पोहोचलेली असते. तिचा इशारा टर्मिनलमध्ये छापला जातो तो त्यामुळेच. तीच ओळ खिडकीच्या वरच्या कडेला, वापरणाऱ्याच्या भाषेत दिसायला हवी. दृष्टी अधू असल्याने अक्षरं मोठी करून घेतलेल्या माणसाला, किंवा हात थरथरतो म्हणून माउसचा वेग कमी केलेल्या आजोबांना, ही सेटिंग दर लॉगिनला पुन्हा शोधत बसावी लागते. त्यांच्यासाठी तो डेस्कटॉप वापरण्याजोगा आहे की नाही, हेच त्या एका सेटिंगवर ठरतं.

तोवर आपल्या हातात असलेलं एक साधन वापरावं. ‘डीकॉन्फ डंप’ ही आज्ञा बायनरी फाइलमधल्या सगळ्या सेटिंग्ज साध्या मजकुरात काढून देते. तो मजकूर एका फाइलमध्ये ठेवला की कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येतो, आणि ‘डीकॉन्फ लोड’ने परत भरता येतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी ही प्रत काढून ठेवावी. नव्या खात्यात किंवा नव्या आवृत्तीवर जाताना मात्र सगळा डंप एकदम भरू नये. बिघडलेली किल्ली, बंद पडलेल्या एक्स्टेंशनचे अवशेष, सगळंच त्याच्याबरोबर येतं. कीबोर्ड, शॉर्टकट, अक्षरांचा आकार, असे हवे तेवढेच मार्ग निवडून त्यांचा वेगवेगळा डंप घ्यावा आणि एकेक भरत, मध्ये लॉगआउट करून पाहत जावं.